मडक्यातील चिठ्ठ्या आणि आषाढीचे हिशेब : प्राचीन राज्यसंस्थांचा अभ्यास करू पाहणाऱ्यास उत्तर

इतिहास घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्राचीन भारतातील गणराज्ये, ग्रामसभा, राज्यकारभाराचे नियम यांच्या अभ्यासावर आयुष्य उभे करता येते का, ही पहिली. दुसरी अशी की, 'आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी लोकशाही होती' असे एका बाजूने आणि 'ते सगळे राजेशाहीचेच खेळ होते' असे दुसऱ्या बाजूने ऐकू येत असताना या अभ्यासातून आजच्या काळाने घ्यावे असे खरोखर काही हाती लागते का. मी हा विषय चौतीस वर्षे शिकवला आणि निवृत्तीनंतरही तोच करीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र 'लोकशाही होती की नव्हती' या वादात ते सापडत नाही. ते सापडते नियमांच्या बारीक कलमांत. सत्तेच्या जागेवरून कोणाला दूर ठेवले होते, कारभार पाहिलेल्या माणसाने हिशेब कधी आणि कोणापुढे द्यायचा होता, दिला नाही तर त्याचे काय व्हायचे, ही कलमे लिहिणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव जवळून पाहिला होता. त्यांची उत्तरे आपल्याला चालणार नाहीत अशी पुष्कळदा असतात, पण त्यांनी ओळखलेले दुखणे बहुधा आजही जिवंत असते.

उदाहरण घेऊ. तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिरात चोळ राजा पहिला परांतक याच्या बाराव्या आणि चौदाव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इ. स. 919 आणि 921 मधील, दोन तमिळ लेख दगडात कोरलेले आहेत. मी प्रथम गेले तेव्हा भर दुपार होती आणि डोळे फोडूनही ओळ लागत नव्हती. साडेचारच्या सुमारास ऊन तिरपे झाले, अक्षरांच्या खोबणींत सावली भरली आणि भिंत वाचण्याजोगी झाली. त्या वेळी माझे तमिळ जेमतेम होते. सोबतच्या स्थानिक अभ्यासकाने बोट ठेवून ओळ दाखवायची आणि मी वहीतल्या मुद्रित पाठाशी ती ताडून पाहायची, असे आम्ही अंधार पडेपर्यंत केले.

लेखांत गावच्या सभेच्या समित्या कशा नेमायच्या याचे नियम आहेत. गावाचे तीस प्रभाग होते. प्रत्येक प्रभागातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, त्या प्रभागाच्या चिठ्ठ्यांची जुडी बांधून वर प्रभागाचे नाव घालायचे आणि तीसही जुड्या एका मडक्यात ठेवायच्या. लहानथोरांसह सगळी सभा आणि गावातले सगळे पुजारी हजर असायचे. त्यांतल्या सर्वांत वृद्ध पुजाऱ्याने मडके सर्वांना दिसेल असे वर उचलून धरायचे. आत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही अशा लहान मुलाकडून एक जुडी काढवायची, ती रिकाम्या मडक्यात सोडून चिठ्ठ्या हलवायच्या आणि त्याच मुलाने त्यांतली एक उचलायची. ती चिठ्ठी मध्यस्थाने घ्यायची ती पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर. मग त्याने नाव वाचायचे, तेच नाव उपस्थित सर्व पुजाऱ्यांनी वाचायचे आणि मगच ते कायम व्हायचे. अशा तीस जणांतून बारा वार्षिक समितीवर, बारा बागांच्या समितीवर आणि सहा तळ्याच्या समितीवर जायचे. मुदत 360 दिवसांची.

पाच बोटे पसरण्याचे हे कलम मला फार मोलाचे वाटते. ते लिहिले गेले याचा अर्थ बोटांत चिठ्ठी लपवून बदलता येते याची त्या सभेला पुरती जाणीव होती. शिवाय 919 चे नियम अवघ्या दोन वर्षांत दुरुस्त झाले. पहिल्या लेखात वयाची अट तीस ते साठ आहे, दुसऱ्यात पस्तीस ते सत्तर. गावातल्या दुष्टांचा नाश व्हावा आणि बाकीच्यांची भरभराट व्हावी, असा हेतूही त्यात नोंदवलेला आहे.

आणि आता ते कलम, ज्यासाठी मी हे सगळे सांगते आहे. जो पूर्वी कोणत्याही समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिलेला नाही, त्याचे नाव मडक्यात जाणार नाही. एवढ्यावर लेख थांबत नाही. अशा माणसाचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, काका, सख्खा भाऊ, सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, वडील आणि मुलगा यांची नावेही जाणार नाहीत. मराठी वाचकाला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक नात्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे आणि प्रत्येक नात्यातून सत्ता कशी फिरते हे आपण गावात पाहिलेले आहे. याशिवाय गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्यालाही पुन्हा संधी नव्हती.

याच्याच शेजारी उरलेली बाजू ठेवायला हवी. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते आणि ही सभा त्यांचीच होती. पात्रतेसाठी कर भरणारी पाव वेलीहून (वेली हे जमिनीचे जुने तमिळ माप) अधिक जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर आणि वेदाध्ययन लागे. विद्या जास्त असेल तर जमीन कमी चाले. स्त्रियांचा विचारही नव्हता, आणि शेतात राबणाऱ्यांचाही नव्हता. नियम ठरले त्या बैठकीला राजाज्ञेने आलेला राजाचा अधिकारी बसलेला होता. त्यामुळे हा लेख दाखवून 'पाहा, लोकशाही' म्हणणारा अर्धाच लेख वाचतो, आणि 'हे तर काही जमीनदारांचे मंडळ' म्हणून तो बाजूला सारणाराही उरलेला अर्धा वाचत नाही.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तुम्ही पाहिली असेल. तहसीलदार, गावोगावची माणसे, काचेच्या बरणीत घडी केलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतले एखादे लहान मूल. मडके आणि मूल हजार वर्षांनंतरही तेच आहेत, असे वाटून मलाही पहिल्यांदा भरून आले होते. पण आपल्या सोडतीत चिठ्ठी ठरवते ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील एवढेच. माणूस मतदानाने निवडला जातो. उत्तरमेरूरची चिठ्ठी थेट माणूसच ठरवायची. तिथे बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी आपली चिठ्ठी आहे, म्हणजे दोन्हींचे हेतू जवळजवळ उलट आहेत. साम्य दिसले की आधी फरक शोधायचा, ही सवय या अभ्यासात लावून घ्यावी लागते.

नातेवाइकांना अपात्र ठरवणारे कलम आपण उचलू शकत नाही, उचलूही नये. भावाच्या चुकीसाठी बहिणीचा हक्क जाता कामा नये, हे आपल्या राज्यघटनेचे मूळ आहे. पण निवडून आलेल्या महिला सरपंचाच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसणारा 'सरपंचपती' पाहिला की, दहाव्या शतकातल्या त्या सभेने ओळखलेला प्रश्न अजून सुटलेला नाही हे कळते. पद एकाचे, कारभार घराचा. त्या सभेने एक उपाय केला, तो आपल्याला वर्ज्य आहे; मग आपला उपाय कोणता, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांपुढे धारदारपणे मांडणे हे माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

आता माझ्या एका चुकीविषयी सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये अशी इच्छा आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका व्याख्यानमालेत बौद्ध संघातील मतदानावर बोलले. विनयपिटक या संघाच्या नियमांच्या पाली ग्रंथात, त्यातल्या चुल्लवग्ग या भागात, शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुप्त, कानात कुजबुजून आणि उघड. गुप्त प्रकारात वेगवेगळ्या रंगांच्या शलाका असत. वाटणाऱ्याने एकेका भिक्खूकडे जाऊन 'ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस' असे सांगायचे. मी हे रंगवून सांगितले आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे गुप्त मतदान म्हणून टाळ्या घेतल्या. व्याख्यान संपल्यावर माझ्या पाली शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "पुढच्या दोन ओळी वाचल्यास का?" मी वाचल्या नव्हत्या. मी अनुवादाचा उतारा कोणाच्या तरी पुस्तकातून घेतला होता. पुढे असे आहे की, धर्माच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे बहुमत होत आहे असे शलाका वाटणाऱ्याला आढळले तर त्याने 'घेणे चुकीचे झाले' म्हणून त्या परत घ्याव्यात. म्हणजे निकाल योग्य लागला तरच मतदान ग्राह्य. संघाच्या दृष्टीने ते सुसंगत आहे, कारण धर्म काय हे बहुमताने ठरत नाही अशीच त्यांची धारणा होती. पण ते आपले गुप्त मतदान नाही. त्या रात्री मी पाली व्याकरण पुन्हा पहिल्या पाठापासून उघडले.

हा उतारा मी ज्यांच्या पुस्तकांतून उचलला, त्या पिढीविषयी माझ्या मनात मात्र आदरच आहे. काशीप्रसाद जायसवालांचा हिंदू राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ 1924 मध्ये आला, तेव्हा पूर्वेकडच्या लोकांना हुकूमशाहीशिवाय काही ठाऊकच नाही, असे राज्यकर्ते सांगत होते. जायसवाल पेशाने बॅरिस्टर. त्यांनी वकिलाप्रमाणे बाजू मांडली, आणि तिची गरज होती. त्यांच्यानंतर आपले अनंत सदाशिव अळतेकर आले. कोल्हापूरकडचा हा माणूस बनारसला आणि मग पाटण्याला गेला, पश्चिम भारतातील ग्रामसंस्थांवर त्याने 1927 मध्ये लिहिले, राष्ट्रकूटांवर लिहिले, नाणी वाचली, वैशालीत उत्खनन केले आणि प्राचीन भारतातील राज्य व शासन यांवरचा ग्रंथ 1949 मध्ये दिला. एका अभ्यासकाच्या कारकिर्दीचा नमुना पाहायचा असेल तर तो हा आहे. ग्रंथ, ताम्रपट, नाणे आणि माती अशा चारही ठिकाणी त्यांचे हात पोहोचले होते. त्याच वर्षी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेतील भाषणात या देशातल्या गणराज्यांविषयी आणि भिक्खूसंघाच्या कामकाजाच्या नियमांविषयी बोलले. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सगळे संघाला माहीत होते असे त्यांनी सांगितले. पण ते तिथे थांबले नाहीत. ही पद्धत या देशाने एकदा गमावली, दुसऱ्यांदाही गमावणार का, असे त्यांनी विचारले. इतिहासातून धडा घेणे म्हणजे काय, हे मला त्या भाषणाइतके नेमके दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथाकडे वळते, कारण त्याच्यावर माझी सर्वांत जास्त वर्षे गेली. शामशास्त्रींनी म्हैसूरला 1909 मध्ये ते छापले आणि मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी 1960 ते 1965 या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, अनुवाद व अभ्यास अशा तीन खंडांत सिद्ध केले. आजही जगात कुठेही अर्थशास्त्रावर काम करणाऱ्याच्या टेबलावर कंगले असतात. लोक या ग्रंथातले हेरगिरीचे आणि कूटनीतीचे भाग वाचतात. मी तुम्हाला दुसऱ्या अधिकरणाचा, म्हणजे विभागाचा, सातवा, आठवा आणि नववा अध्याय वाचायला सांगेन.

कारभाराचे वर्ष आषाढी पौर्णिमेला संपते. त्या वेळी सगळ्या खात्यांच्या हिशेबनिसांनी आपल्या वह्या आणि शिल्लक मोहोरबंद करून मुख्य लेखाकार्यालयात यायचे. आले की त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचे नाही. हे वाक्य मी वर्गात वाचले की, कुठल्यातरी कार्यालयात मार्चअखेर पाहिलेले विद्यार्थी आपोआप हसत. त्यापुढे सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत : आलेले आले नाही म्हणून दाखवणे, न दिलेले दिले म्हणून लिहिणे, आधी आलेले नंतर आले असे दाखवणे. अधिकाऱ्यावर आरोप झाला तर त्याच्या हद्दीत जाहीर दवंडी द्यायची की, या माणसाने ज्यांचे नुकसान केले असेल त्यांनी कळवावे. आणि कळवणाऱ्यांना त्यांच्या नुकसानीप्रमाणे भरपाई द्यायची. अपहार उघड करणाऱ्याला, आपण आज ज्याला जागल्या म्हणतो त्याला, आरोप सिद्ध झाल्यास रकमेचा सहावा हिस्सा. तो त्या खात्यातला चाकर असेल तर बारावा. हा ग्रंथ राजाच्या तिजोरीसाठी लिहिलेला आहे, लोकांच्या हक्कांसाठी नाही. पण हिशेब मागण्याचे शास्त्र त्यात जितक्या बारकाईने आहे तितके मला अन्य प्राचीन ग्रंथात भेटलेले नाही. आणि याच ग्रंथाच्या अकराव्या अधिकरणात, गणसंघ फोडायचे असतील तर त्यांच्यातल्या कोणाच्या मत्सराला कसे खतपाणी घालायचे, हेही तितक्याच शांतपणे लिहिले आहे. गणराज्ये कशामुळे मोडत, हे त्यांच्या शत्रूकडून वाचायचे असेल तर ते प्रकरण वाचावे.

तुलनेसाठी प्राचीन ग्रीसमधले अथेन्स थोडे तरी शिकावेच लागते. तिथेही पाचशेंच्या मंडळावर चिठ्ठीने माणसे जात आणि आयुष्यात दोनदाच जाता येई. पदावरून उतरलेल्याचा हिशेब तपासून होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे. तिथल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत एकशे नव्वदच्या आसपास खापऱ्या सापडल्या; सगळ्यांवर थेमिस्टोक्लीझ या पुढाऱ्याचे नाव, त्याला हद्दपार करण्यासाठीचे मत म्हणून. अक्षरांची वळणे तपासली तेव्हा त्या जेमतेम चौदा हातांनी लिहिल्याचे दिसले. म्हणजे कोणीतरी मते आधीच लिहून, वाटण्यासाठी तयार ठेवली होती. हे सभेच्या कायद्यांवरून कळले नसते, खापऱ्यांवरून कळले. कोपनहेगनचे मोगेन्स हर्मन हान्सेन यांनी जवळजवळ सारी हयात या एका शहराच्या सभेवर घालवली. सहा हजारांच्या सभेत हात वर झाल्यावर ते मोजत कसे असतील, हे ग्रंथांतून उलगडेना, तेव्हा त्यांनी स्वित्झर्लंडच्या काही प्रांतांत उघड्यावर भरणाऱ्या नागरिकसभांकडे पाहिले आणि मते मोजली जात नसून नजरेने अंदाजली जात असावीत असे दाखवून दिले. जिवंत संस्था पाहून मेलेली संस्था समजून घेण्याचा हा मार्ग आपल्याला तर अधिकच मोकळा आहे, कारण आपल्याकडे ग्रामसभा अजून भरते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर उत्तरमेरूरसारखे नियम आपल्या ताम्रपटांत मिळत नाहीत, आणि ते ओढूनताणून शोधू नयेत. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत राजा ज्यांना उद्देशून आज्ञा कळवतो त्या 'राष्ट्रपति, विषयपति, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, अधिकारिक, महत्तर' अशा यादीत गावचे महत्तर, म्हणजे प्रमुख मंडळी, शेवटी येतात. त्यांना कळवल्याशिवाय दान पुरे होत नसे. पण त्यांची निवड कशी होई, यावर ताम्रपट बोलत नाही. फार पुढे, मराठेशाहीतल्या गोतसभेच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेच्या, महजरांवर (निवाडपत्रांवर) पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढतो, शेटे तराजू काढतो. हा काळ प्राचीन नाही, पण मोडी येत असेल तर तिथे करण्याजोगे काम अपार पडले आहे.

आता आयुष्य उभे करता येते का, याविषयी. मी तुम्हाला फसवणार नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या आहेत आणि भरती वर्षानुवर्षे रखडते. मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवले, आणि त्यांपैकी एकीकडचे मानधन पुढच्या वर्षी हातात पडले. घरून पाठिंबा होता म्हणून टिकले. तरीही मार्ग आहेत. पुण्यात डेक्कन कॉलेज आणि 1917 पासूनचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथालय आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, राज्यांची पुराभिलेखागारे आहेत. ज्याला लिपी वाचता येते त्याला काम मिळण्याची शक्यता, ज्याला केवळ त्या विषयावरची पुस्तके वाचता येतात त्याच्यापेक्षा पुष्कळ अधिक असते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

म्हणून भाषा आधी. संस्कृत पक्के करा, पाली त्याच्या जोडीने लगेच येईल. ब्राह्मी दोन महिन्यांत डोळ्यांना सवयीची होते. तमिळ किंवा जुने कन्नड यांपैकी एक तरी घ्या. दक्षिणेतले कोरीव लेख संख्येने इतके आहेत की, त्यांच्याशिवाय ग्रामसंस्थांवर बोलणे म्हणजे दारात उभे राहून घराचे वर्णन करणे होय. शिलालेखाचा ठसा घ्यायला शिका : दगड स्वच्छ करून कागद भिजवायचा, तो ब्रशने ठोकून प्रत्येक खाचेत बसवायचा, अर्धवट सुकल्यावर वरून शाई द्यायची. पहिले दहा ठसे फाटतात. अकराव्याला एखादी मात्रा अशी दिसते की छापील पाठ चुकला असल्याचे तुम्हाला कळते, आणि तिथून हा अभ्यास तुमचा होतो.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एक काम सुचवते. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचे मागील काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल रीतसर अर्ज करून मिळवा आणि त्यांतल्या आक्षेपांची यादी करा. एका बाजूला ती यादी आणि दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्रातले ते चाळीस प्रकार, कंगल्यांच्या अनुवादातून, मांडा. कुठला आक्षेप कुठल्या प्रकारात बसतो आणि कुठला कशातच बसत नाही, ते लिहा. जे बसत नाहीत त्यांच्यावर जास्त वेळ घालवा. मला पाठवणार असाल तर तेच आधी पाठवा.